पॅड बदलूनही पुढच्या डाव्या ब्रेकची किंचाळी थांबत नाही

घोडबंदरकर :
नमस्कार. माझी २०१६ सालची हॅचबॅक गाडी ६४,००० किलोमीटर चालली असून तिला पुढे डिस्क आणि मागे ड्रम ब्रेक आहेत. कासारवडवलीहून ऐरोलीला रोजचे जाणे-येणे असते, आणि कापूरबावडी ते कळवा पूल या टप्प्यात ब्रेकवरचा पाय फारसा उचलला जात नाही, हे ठाणेकरांना सांगायला नको. तीन महिन्यांपूर्वी एका गॅरेजमध्ये पुढचे पॅड बदलून घेतले. त्यानंतर पंधरा दिवसांतच, हलका ब्रेक दाबत गाडी थांबवताना डाव्या चाकातून कानात घुसणारी बारीक किंचाळी येऊ लागली. गॅरेजवाल्यांनी पॅडच्या कडा घासून दिल्या. आठवडाभर शांतता होती, मग पुन्हा तेच. आता ते दोन्ही डिस्क बदलायला सांगत आहेत. सकाळी गाडी बाहेर काढताना पहिली काही मीटर खरखर होते, ती वेगळीच. डिस्कवर खोल चरे दिसत नाहीत, ब्रेक दाबताना पेडल थरथरत नाही, मात्र डाव्या रिमवर उजवीपेक्षा काळी भुकटी बरीच जास्त साचते. डिस्कचा खर्च करण्याआधी काय तपासावे?

खाडीकाठचा, नेरूळ :
सकाळच्या खरखरीची काळजी करू नका. डिस्क बिडाची असते आणि बिडाला गंज चढायला एक दमट रात्र पुरते. पहाटे गाडी धुणारा मुलगा चाकांवर बादलीभर पाणी मारून जात असेल, तर पावसाळा नसतानाही हा आवाज येतो. चार-पाच वेळा ब्रेक दाबला की पॅड तो गंज खरवडून टाकतात. माझी गाडी शनिवार-रविवार उभी राहिली तर सोमवारी सकाळी सोसायटीच्या फाटकापर्यंत मलाही हे संगीत ऐकावे लागते. पावसाळ्यात गाडी दोन-तीन दिवस उभी ठेवायची असेल, तर सपाट जागी हँडब्रेक न ओढता पहिल्या गिअरमध्ये ठेवावी आणि चाकाला वीट लावावी, नाहीतर मागचे ब्रेक शू ड्रमला चिकटतात. किंचाळीबद्दल मात्र जाणकारांनी सांगावे.

जुना फिटर :
वागळे इस्टेटमध्ये बरीच वर्षे हेच काम केले असल्याने थोडे सविस्तर लिहितो. फळ्यावर खडू एका विशिष्ट कोनात धरला की किंचाळतो, कारण तो सरळ न घसरता क्षणभर अडकतो आणि सुटतो. पॅड आणि डिस्क यांच्यात तेच घडते. फक्त ते सेकंदाला हजारो वेळा घडते आणि थाळीसारखी डिस्क तो आवाज मोठा करते. कडा घासल्या की खडूचा कोन बदलल्यासारखे होते, म्हणून तुमच्याकडे आठवडाभर शांतता होती. अडकण्याचे मूळ कारण तसेच राहिले.

ते कारण तुमच्याच प्रश्नात आहे असे मला वाटते. डिस्क वाकडी झाली असती तर पेडल थरथरले असते. एकाच चाकावर भुकटी जास्त साचते, याचा अर्थ तेथील पॅड डिस्कपासून पुरता सुटत नसावा. अशा गाड्यांमध्ये कॅलिपर, म्हणजे दोन्ही पॅड डिस्कवर दाबणारा चिमटा, दोन स्लाइड पिनांवर सरकतो. आतल्या बाजूचा पिस्टन आतला पॅड दाबतो आणि त्याच जोराने कॅलिपर सरकून बाहेरचा पॅड डिस्कवर ओढला जातो. पिन गंजली किंवा तिचे रबरी बूट (वरचे आवरण) फाटून आत चिखल गेला, की कॅलिपर मोकळा सरकत नाही, पॅड तिरका टेकतो आणि किंचाळतो. घाईत पॅड बदलताना या पिनांकडे बहुतेक ठिकाणी कोणी बघत नाही, हे आमच्याच धंद्याबद्दल नाइलाजाने लिहावे लागते.

आधी चाक न काढता एक परीक्षा करा. मोकळ्या रस्त्यावर, शक्यतो सकाळी लवकर, ब्रेक कमीत कमी वापरून आठ-दहा किलोमीटर चालवा आणि थांबल्यावर दोन्ही पुढच्या रिमांजवळ हात न्या. स्पर्श करू नका. डावीकडची आच स्पष्टपणे जास्त असेल तर ब्रेक चिकटतो आहे. मग चाक काढून आतला व बाहेरचा पॅड शेजारी धरून पाहा. जाडीत मोठा फरक असून पिन हाताने सरकत नसेल तर दोष पिनेचा. पिना मोकळ्या असून पिस्टन मागे ढकलताना अडत असेल, तर पिस्टनचे सील आणि बूट बदलावे लागतील. कॅलिपर ब्रेकच्या नळीवर लोंबकळत ठेवू नका, तारेने वर बांधा, आणि तो सुटा असताना कोणी पेडल दाबणार नाही हे पाहा. डिस्क बदलायची की नाही हे जाडी मोजून ठरते. किमान जाडी बहुधा तिच्यावरच कोरलेली असते.

पामबीच :
पॅड आणि डिस्कच्या मध्ये थोडे ग्रीस किंवा गंज सोडवणारा स्प्रे मारला तर आवाज लगेच थांबतो, असे मला एकाने सांगितले होते. ते योग्य आहे का?

जुना फिटर :
आवाज थांबतो, आणि गाडीही थांबायची बंद होते. डिस्कवर आणि पॅडच्या घासणाऱ्या बाजूवर तेलाचा थेंबही नको. लागलाच तर डिस्क ब्रेक क्लीनरने धुवावी आणि तेल मुरलेले पॅड फेकून द्यावेत. ग्रीस फक्त पिनांना आणि पॅडच्या पोलादी पाठीला, तेही ब्रेकसाठीचे सिलिकॉन ग्रीस लावावे. साध्या ग्रीसने रबरी बूट फुगतात आणि पिन पुन्हा अडकते.

घोडबंदरकर :
सर्वांचे आभार. रविवारी पहाटे चाचणी केली, तर डावी रिम चांगलीच तापलेली आणि उजवी कोमट होती. दुसऱ्या गॅरेजमध्ये समोर उभे राहून चाक काढून घेतले. खालच्या पिनेचे बूट फाटलेले होते आणि पिन इतकी गच्च बसली होती की पान्ह्याने फिरवून काढावी लागली. तीनच महिन्यांच्या पॅडपैकी आतला ४ मिलिमीटर उरला होता आणि बाहेरचा ८. पॅडच्या पाठीमागची शिम, म्हणजे आवाज दाबणारी पातळ पत्री, तर जुन्या पॅडबरोबरच फेकली गेली असावी, कारण ती सापडलीच नाही. डिस्कची जाडी किमान मर्यादेपेक्षा पुरेशी जास्त भरली, म्हणून ती ठेवली आहे. दोन्ही बाजूंच्या पिना साफ करून नवे बूट बसवले आणि दोन्हीकडे शिमांसह नवे पॅड घेतले.

जुना फिटर :
एकाच बाजूचे न बदलता दोन्हीकडचे बदललेत हे बरे केले, नाहीतर गाडी ब्रेक लावताना एका बाजूला ओढते. आता नवे पॅड डिस्कवर बसू द्या. मागे वाहन नसताना ताशी ५० किलोमीटरवरून १५ पर्यंत मध्यम दाबाने आठ-दहा वेळा वेग कमी करा, प्रत्येक वेळी मध्ये थोडे अंतर जाऊ द्या आणि पूर्ण थांबून पेडल दाबून धरू नका. पहिले काही दिवस गायमुखचा उतार ब्रेकवर उतरू नका, खालचा गिअर वापरा. नवा पॅड फार तापला तर त्यावर काचेसारखी चकाकी येते आणि किंचाळी पुन्हा सुरू होते. ब्रेक ऑइल दोन वर्षांत बदलले नसेल तर तेही बदलून घ्या, कारण ते हवेतली ओल शोषते.

घोडबंदरकर :
ऑइल शेवटचे २०२१ साली बदलल्याची नोंद आहे, तेव्हा या शनिवारी तेही करतो. किंचाळी पूर्ण थांबली आहे. सकाळची खरखर मात्र आहे तशीच आहे, आणि गाडी धुणाऱ्या मुलाला चाके सोडून दे म्हटले तर तो ऐकत नाही.