माध्यमिक शिक्षकाचं समाधान कशात अडकलंय: पगारात, कागदात की वर्गात?

खडूफळा
अनुदानित माध्यमिक शाळेच्या एकाच स्टाफरूममध्ये आज चार तऱ्हेचे शिक्षक बसतात. १ नोव्हेंबर २००५ पूर्वी लागलेले जुनी पेन्शनवाले, त्यानंतरचे एनपीएसवाले (राष्ट्रीय पेन्शन योजनेतले), तीन वर्षं मानधनावर असलेले शिक्षणसेवक आणि अंशतः अनुदानित तुकडीवर पगाराचे ठरावीक टक्केच घेणारे. तास तेच, पेपर तपासणी तीच, दहावीच्या निकालाचा जाबही तोच. माध्यमिक शिक्षणसेवकाचं मानधन जानेवारी २०२३ पासून १८,००० झालं, त्याआधी ८,००० होतं. नियमित शिक्षकाचं सुरुवातीचं मूळ वेतनच ३८,६००. शेजारच्या खुर्चीवर दुप्पट पगार दिसत असताना समाधानाच्या गोष्टी कोणाला सांगायच्या? माझ्या मते मूळ दुखणं हेच आहे.

ऑफतास
असहमत. तसं असतं तर जुनी पेन्शनवाले खूश दिसले असते. तेही वैतागलेत, कारण ऑफ तास, म्हणजे शिकवण्यातून मोकळा असलेला तास, उरलेलाच नाही.
नुसतं आधारचं काम बघा. संचमान्यतेला, म्हणजे पटावरून शिक्षकांची पदं ठरवताना, आधार वैध झालेलीच मुलं धरतात. ज्ञानेश्वरचं इंग्रजी नाव शाळेत 'डी'ने सुरू होतं, आधारवर 'जी'ने. झालं, पोरगा रोज वर्गात हजर, पण पोर्टलवर अवैध. चूक आधारवर असेल तर पालकाने मजुरी बुडवून केंद्र गाठायचं. शाळेच्या जनरल रजिस्टरात (प्रवेशाच्या मूळ नोंदवहीत) असेल तर शिक्षणाधिकाऱ्यांच्या मंजुरीचा प्रस्ताव करायचा. दोन्हींचा पाठपुरावा वर्गशिक्षकाकडे. अशी चार-पाच मुलं राहिली की तुकडीचं पद धोक्यात, म्हणून हे काम टाळताही येत नाही. आरटीईचं, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याचं, कलम २७ जनगणना, आपत्ती आणि निवडणूक सोडून बिगरशैक्षणिक काम देऊ नका म्हणतं. माहिती भरणं मात्र शाळेचंच काम ठरून त्यातून निसटतं.

डोंगरशाळा
दोघांचंही अर्धं बरोबर. पण शिक्षकाला घरी जाताना जे लागून राहतं ते वर्गातलं असतं. दहावी गणित भाग १ मधला पहिलाच धडा दोन चलांतल्या रेषीय समीकरणांचा. समीकरणांची वजाबाकी करताना ५ वजा (उणे ३) आलं की अर्धा वर्ग २ लिहितो. उत्तर ८. मुलांना रेषीय समीकरण अडत नाही, सहावी-सातवीतली चिन्हं अडतात. शिक्षक मागे गेला तर भाग १ आणि भाग २ मिळून ८० गुणांचा लेखी अभ्यासक्रम राहतो, पुढे गेला तर मुलं राहतात.
यावर उपाय आहे. नववीच्या पहिल्या आठवड्यात २० उदाहरणांची चाचणी घ्या: पूर्णांक, अपूर्णांक, भागाकार, शेकडेवारी. गुण देऊ नका, फक्त कोण कुठे अडलं ते लिहा. जून-जुलैत आठवड्याचे दोन तास त्या गटांना द्या. दिवाळीपर्यंत फरक दिसतो, आणि तो दिसला की शिक्षकही सुखावतो. कुठल्याही वेतनवाढीने हे मिळत नाही.

ऑफतास
ते आठवड्याचे दोन तास आणायचे कुठून, हाच तर माझा प्रश्न आहे!

खडूफळा
डोंगरशाळा, चाचणी पटली. पण ती घ्यायला माणूस टिकला पाहिजे. शिक्षणसेवकाची तीन वर्षं संपली की आपोआप काही होत नाही. मुख्याध्यापक प्रस्ताव करतात, संस्था ठराव देते, मग शिक्षणाधिकारी मान्यता देतात. जात वैधता किंवा गोपनीय अहवालाचं एक पान कमी पडलं की त्रुटी लागून फाईल परत. तोवर मानधनच चालू, फरक पुढे पुरवणी बिलात, आणि ते निधी आला की निघणार. हे सोसणाऱ्याला चिन्हांच्या चुकांचा ध्यास घे म्हणणं मला जड जातं.

शाळासमिती
पालकांच्या बाजूने: ३८,६०० मूळ वेतन, त्यावर महागाई भत्ता आणि घरभाडं, हे गावात कमी नाही. विनाअनुदानित शाळेत निम्म्याहून कमी पगारावर मन लावून शिकवणारेही आहेत. सगळं सरकारवर ढकलू नका.

सेवाज्येष्ठ
शाळासमिती, सुरुवात बरी आहे हे मान्य. पुढचं बघा. १२ वर्षांनी वरिष्ठ वेतनश्रेणी, २४ वर्षांनी निवडश्रेणी, तीही संवर्गातल्या २० टक्के पदांनाच. पर्यवेक्षक, मुख्याध्यापक या पदोन्नत्या ज्येष्ठता यादीवर चालतात. वर्गात उत्तम शिकवलं म्हणून नोकरीत काही हलत नाही. वर १ सप्टेंबर २०२५ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने आठवीपर्यंत शिकवणाऱ्यांना, निवृत्तीला पाच वर्षांहून जास्त काळ असेल तर, दोन वर्षांत टीईटी (शिक्षक पात्रता परीक्षा) पास होणं भाग आहे. वीस वर्षं शिकवलेल्या माणसाला हे मनाला लागतं, त्याची भीतीही वाटते.
ऑफतास यांच्या प्रश्नाला माझं उत्तर: आधार आणि यू-डायसचं (शाळांच्या सरकारी माहिती नोंदीचं) काम लिपिकाकडे द्या, वर्गशिक्षकाने फक्त यादी तपासून सही करावी. जिथे लिपिकाचं पद रिकामं आहे तिथे ते आधी भरून घ्या. सगळ्या शिक्षक संघटनांनी या वर्षी ही एकच मागणी लावून धरावी, जुन्या पेन्शनच्या मागणीच्याही आधी.

खडूफळा
पेन्शनच्या आधी? याला मी कधीच मान्यता देणार नाही.