स्वस्ताईचं कारण मागणी नव्हे, पुरवठा

मागणी घटली म्हणून सोलर पॅनेल स्वस्त झाले, असं म्हटलं जातं, पण ते मला पटत नाही. २०२३ मध्ये जगभर तोपर्यंतच्या कुठल्याही वर्षापेक्षा जास्त पॅनेल बसले, आणि त्याच वर्षी पॅनेलचे घाऊक दर जवळपास निम्म्यावर आले. मागणी वाढतच होती, कारखाने तिच्याही पुढे धावले.

खरी गोम पॉलिसिलिकॉनमध्ये, म्हणजे पॅनेलच्या शुद्ध सिलिकॉनच्या कच्च्या मालात आहे. त्याचा कारखाना उभा राहायला दोनेक वर्षं लागतात, पॅनेल जोडणीची लाइन मात्र काही महिन्यांत सुरू होते. त्यामुळे मागणी उसळली की कच्चा माल अपुरा पडतो, दर भडकतात, ते पाहून सगळेच एकदम गुंतवणूक करतात आणि दोन वर्षांनी सगळ्यांचा माल एकदमच बाजारात येतो. २००८ मध्ये पॉलिसिलिकॉनचा तातडीच्या खरेदीचा दर किलोला ४०० डॉलरच्या पुढे गेला होता. २०१२ संपता संपता तो २५ डॉलरच्याही खाली होता. २०२२ ची टंचाई आणि त्यानंतरची घसरण ही त्याचीच पुनरावृत्ती. उत्पादनाच्या प्रत्येक टप्प्यात चीनचा वाटा ८० टक्क्यांहून जास्त असल्याने तिथला निर्णय जगभर जाणवतो.

पॅनेलचं आजवरचं एकूण उत्पादन दुप्पट झालं की किंमत साधारण २० टक्क्यांनी उतरते, हा जुना अनुभव आहेच. पण ती घट टिकाऊ असते. खर्चाच्याही खाली विकलेल्या मालाची स्वस्ताई वेगळी. ती कारखाने बंद पडेपर्यंतच चालते. म्हणून खरेदी करताना पंचवीस वर्षांची वॉरंटी देणारी कंपनी तोवर तग धरेल का, हे मी दराच्या आधी बघेन.