व्हॉल्व्हचा प्रीअँप घरी बांधावा का? माझं म्हणणं, एकदा तरी बांधावाच

उद्यमनगरकर

गेल्या आठवड्यात एक मित्र मला म्हणाला, "अडीचशे व्होल्ट घरात कशाला खेळवतोस? आयसी लाव आणि मोकळा हो." तेव्हापासून ते डोक्यातून जाईना, म्हणून इथे मांडतो. ज्याला गाण्याची ओढ आहे आणि ज्याचा हात सोल्डरिंगला बसलाय, त्याने एकदा तरी व्हॉल्व्हचा (जुन्या रेडिओतल्या काचेच्या नळीचा) प्रीअँप, म्हणजे मुख्य अँपच्या आधी बसणारी पेटी, स्वतः बांधावा. मी दिवाळीत बांधला. ईसीसी८२ हा व्हॉल्व्ह, एका काचेत दोन ट्रायोड (कॅथोड, ग्रिड, प्लेट असे तीन भाग असलेले), म्हणजे डावा-उजवा दोन्ही चॅनेल एकाच व्हॉल्व्हमध्ये.

आयसीच्या, म्हणजे एका चिपमध्ये बंद केलेल्या सर्किटच्या, पोटात काय चाललंय ते मला कधी कळलं नाही. इथे सगळं उघड आहे. फिलामेंट कॅथोडला तापवतं, इलेक्ट्रॉन सुटून प्लेटकडे धावतात, मधली ग्रिड त्यांना आवरते. ग्रिडवर एक व्होल्ट हलला की ४७ किलोओहमच्या प्लेट रेझिस्टन्सवर दहाच्या आसपास हलतात. आधी कागदावर लोड लाइन (प्लेटच्या व्होल्ट-करंटची आलेखावरची रेघ) काढली, प्लेटवर किती व्होल्ट यावेत ते पेन्सिलीने लिहून ठेवलं, मग मीटर लावला. आकडा जवळपास तोच! इतक्या वर्षांत किती सर्किटं जोडली, पण "हे मला समजलंय" असं त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं.

सामानही दुर्मीळ नाही. १२ व्होल्टचे दोन साधे ट्रान्सफॉर्मर पाठीला पाठ लावून जोडले. पहिला २३० चे १२ करतो, फिलामेंट त्यावरच चालतं (४ आणि ५ नंबरच्या पिनांमध्ये १२.६ व्होल्ट लागतात, १५० मिलिअँपिअर). दुसरा उलटा जोडला, तो बाराचे परत दोनशेच्या घरात नेतो. रेक्टिफाय करून मला २६० डीसी मिळाले, आणि मेनशी थेट संबंध कुठेच नाही. चासी (सगळं बसवायचा पत्र्याचा सांगाडा) इथेच पत्रा वाकवून करून घेतली.

आणि हे गाव हाताने बांधणाऱ्यांचं आहे. बाबूराव पेंटरांनी सिनेमाचा कॅमेरा इथे, कोल्हापुरात बनवला. खरी कॉर्नरवरून जाताना तो कॅमेऱ्याचा स्तंभ दिसला की मला अजून भरून येतं.

शांत_सर्किट

मी ठाम विरोधात आहे. तुमच्या कष्टांविषयी आदर ठेवूनच लिहितो.

पहिला प्रश्न, प्रीअँपला गेन, म्हणजे सिग्नलची वाढ, हवीच कशाला? सीडी प्लेयर पूर्ण पातळीला २ व्होल्ट देतो. बहुतेक पॉवर अँपना पूर्ण आवाजासाठी एक-दीड व्होल्ट पुरतो. म्हणजे सिग्नल आधीच जास्त आहे. तो दहापट वाढवायचा आणि व्हॉल्यूमने परत दाबायचा, यात मिळवलं काय? तुमचा नॉब घड्याळात आठ-नऊच्या पुढे जात नसणार. तिथे साध्या पॉटचे (नॉबमागच्या बदलत्या रेझिस्टन्सचे) दोन ट्रॅक एकमेकांशी जुळत नाहीत, डावं-उजवं कमीजास्त होतं.

दुसरं, ५५३२ हा ऑपअँप (सिग्नल वाढवणारा आयसी) १९७९ पासून बाजारात आहे. रेकॉर्डिंग स्टुडिओंच्या कन्सोलमध्ये तो खच्चून भरलेला असायचा. तुम्ही जे गाणं व्हॉल्व्हमधून ऐकता ते आधीच अशा कित्येक आयसींमधून आलेलं असतं. त्याचं डिस्टॉर्शन (मूळ सिग्नलमध्ये येणारा बिघाड) तुमच्या ट्रायोडपेक्षा कितीतरी कमी, आणि एका व्हॉल्व्हच्या पैशात असे मूठभर येतात.

बाबूरावांना चित्रपट काढायचा होता, कॅमेरा त्यासाठी होता. तुम्हाला गाणं ऐकायचंय ना? मग पैसे आणि सुट्ट्या स्पीकरवर आणि खोलीवर घाला. फरशीवर जाजम अंथरलं तरी याहून जास्त फरक पडेल.

उद्यमनगरकर

गेनचं तुमचं म्हणणं मान्य. नॉब खरंच नऊच्या खालीच असतो. आता पॉटच्या आधी रेझिस्टन्सची जोडी टाकून सिग्नल चौथा हिस्सा करून घेतलाय, त्याने डावं-उजवं सावरलं.

पण जिथे गेन खरोखर लागतो ती जागा तुम्ही सोडलीत. रेकॉर्ड प्लेयर! मूव्हिंग मॅग्नेट कार्ट्रिजमधून (सुई बसते त्या भागातून) जेमतेम ५ मिलिव्होल्ट येतात. तिथे शंभरपट वाढ लागते आणि वर आरआयएए इक्वलायझेशन, म्हणजे रेकॉर्ड कापताना दाबलेले खालचे स्वर परत उचलणं. वडिलांच्या एलपी आहेत माझ्याकडे. पुढचा प्रीअँप त्यासाठीच करणार, दोन ईसीसी८३ घालून.

रेडिओकाका

पोरांनो, चाळीस वर्षं व्हॉल्व्हचे सेट उघडलेत, म्हणून मध्ये बोलतो.

बाळा, फोनोची, म्हणजे रेकॉर्ड प्लेयरच्या प्रीअँपची, घाई करू नकोस. आरआयएएमध्ये ५० हर्ट्झ हे १००० हर्ट्झच्या मानाने सतरा डेसिबल वर उचलले जातात. म्हणजे सातपट. आपली लाईट कितीची? ५० हर्ट्झ. फिलामेंटला एसी दिलास की ती गुणगुण तेवढीच उचलली जाणार. आधी फिलामेंट डीसीवर घे, अर्थिंग एकाच ठिकाणी आण, ट्रान्सफॉर्मर लांब ठेव. चासीला रंग मारला असशील तर अर्थच्या बोल्टाखालचा रंग खरवडून काढ, नाहीतर अर्थ लागतच नाही. आत्ताचा लाइन प्रीअँप वर्षभर घुमला नाही, मग फोनोकडे वळ.

आता खरी गोष्ट. तुम्ही दोघं आवाजावर भांडताय, आणि जिवाचं कुणीच बोलेना. पूर्वी एसी-डीसी सेट यायचे, ट्रान्सफॉर्मर नसलेले. चासी थेट मेनला. प्लग उलटा बसला की अख्ख्या चासीत फेज. शिकाऊ असताना एकदा डाव्या हाताने चासी धरली आणि उजव्या हाताने नळाचा पाईप. उस्तादाने लाकडी स्टुलाने ढकललं म्हणून वाचलो. हात आठ दिवस बधिर होता.

तू ट्रान्सफॉर्मर घातलास हे उत्तम. पण सेट बंद केला म्हणजे एचटी (तुझे ते २६० व्होल्ट) गेली असं नाही, कंडेन्सर धरून ठेवतो. किती मायक्रोफॅरडचा आहे? ब्लीडर (कंडेन्सर रिकामा करणारा रेझिस्टन्स) घातलायस का?

उद्यमनगरकर

काका, १०० मायक्रोफॅरड, ४०० व्होल्टचा. ब्लीडर २२० किलोओहम, एक वॅटचा.

रेडिओकाका

बरोबर. बावीस सेकंदांचा टाइम कॉन्स्टंट झाला, म्हणजे दर बावीस सेकंदांनी व्होल्ट साधारण एकतृतीयांशावर येतात. दोन मिनिटं थांबायचं आणि तरीही मीटर लावून बघायचं, कारण ब्लीडरचा डाख सुटलेला असू शकतो. चालू सेटमध्ये मोजताना काळी पिन क्लिपने चासीला, आणि एक हात खिशात. ज्याला हे पाळायचा कंटाळा आहे त्याने व्हॉल्व्हला हात लावू नये. नव्या पोराने पहिलंच सर्किट म्हणून तर मुळीच नाही.

जवारी

मी शास्त्रीय गाणं शिकते. सर्किटमधलं कळत नाही, पण "व्हॉल्व्हमुळे गोडवा येतो" हे ऐकते तेव्हा अस्वस्थ होते.

माझा तानपुरा मिरजेचा. कारागिराने जवारी (तार घोडीला घासून उमटणारा गुंजारव) लावताना दोरा किती वेळा इकडेतिकडे सरकवला ते मी शेजारी बसून पाहिलंय. अल्लादियाखाँसाहेबांच्या गायकीचं हे गाव. गाण्यासाठीचा देवल क्लब १८८३ पासून इथे उभा आहे. गाणाऱ्याने लावलेला स्वर जसा लागला तसाच ऐकणाऱ्यापर्यंत जावा, एवढंच मला हवंय. कारागिराने लावलेल्या जवारीवर तुमच्या यंत्राने दुसरी जवारी का लावावी?

उद्यमनगरकर

ताई, प्रश्न लागला मनाला. ट्रायोड मुख्यतः दुसरा हार्मोनिक (मूळ स्वराच्या दुप्पट कंपनांचा स्वर) घालतो. सा गेला की किंचित वरचा सा मिसळतो. तिसरा असता तर तारसप्तकातला पंचम आला असता, पाचवा असता तर त्याच्याही वरचा गंधार. तानपुऱ्याच्या खर्जातून स्वयंभू गंधार उमटतो तो याच पाचव्यातून. म्हणजे मिसळतं ते परकं नाही, त्याच स्वराच्या घरातलं आहे. आणि प्रीअँपच्या पातळीवर ते फारच थोडं असतं.

शांत_सर्किट

एकच स्वर असेल तर हे खरं आहे. पण गाणं म्हणजे एकच स्वर नव्हे. तानपुरा, पेटी, गळा एकत्र गेले की ट्रायोडचा तोच वाकडेपणा प्रत्येक दोन स्वरांची बेरीज आणि वजाबाकी तयार करतो. २४० आणि २७० हर्ट्झ, म्हणजे सा आणि शुद्ध रे, एकत्र गेले तर ३० आणि ५१० निघतात. ३० हा तीन सप्तकं खालचा सा, पण ५१० तारसप्तकातल्या कोमल रेच्या जवळ पडतो, शुद्ध रेशी न जुळणारा. ताईंची भीती इथे खरी ठरते.

किती प्रमाणात, हा मात्र मोजायचा विषय आहे, बोलायचा नाही. मी ५५३२ चा तेवढ्याच गेनचा प्रीअँप घेऊन येतो. दोन्हींचा आवाज मीटरने सारखा करू. टेस्ट टोन २०० हर्ट्झचा ठेवू, साधे मीटर वरच्या फ्रिक्वेन्सीला चुकीचं दाखवतात. जरा मोठा वाजणारा नेहमी गोड वाटतो, म्हणून हे आधी. मग पेट्या पडद्यामागे. कुठला चालू आहे ते ताईंना सांगायचं नाही.

उद्यमनगरकर

या. राजारामपुरीत माझ्याकडेच जमू, रविवारी सकाळी. तोपर्यंत फिलामेंट डीसीवर घेतो. ताई, तानपुरा आणाल? रेकॉर्डिंग ऐकण्याआधी खरा आवाज कानात बसलेला बरा.

जवारी

आणते. काळी चारला (पेटीच्या चौथ्या काळ्या पट्टीला) लावून.

रेडिओकाका

मी येतो. खालचं झाकण उघडून ठेव बाळा, डाख बघायचेत. सेट बंद करून, दोन मिनिटं थांबून.