जुन्या इनाम जमिनीखालच्या दगडावर हक्क कोणाचा? मदत हवी आहे

मंडळी, आमच्या सामाईक गटाचा वरचा भाग निव्वळ कातळ. गवताखेरीज काही येत नाही, म्हणून तिकडे कधी कोणी फिरकलंही नाही. आता एक खडी क्रशरवाले तिथला दगड आणि मुरूम मागताहेत. करारनाम्याच्या मसुद्यात आम्हाला 'जमिनीचे व त्याखालील खनिजाचे मालक' म्हटलंय आणि ब्रासमागे रक्कम कबूल केली आहे. पुढच्याच कलमात मात्र 'उत्खननाबाबतची सर्व शासकीय जबाबदारी जमीनमालकांची राहील' असं आहे. पहिलं कलम वाचून चुलतभाऊ खूश, दुसरं वाचून मी सावध.

जमीन महसूल संहिता, १९६६ चं कलम ४८ वाचलं. खनिज जमिनीवर असो की पोटात, हक्क राज्य शासनाचा, असं स्वच्छ लिहिलंय. यावर भाऊ सुप्रीम कोर्टाचा २०१३ चा थ्रेसिअम्मा जेकब खटल्याचा निकाल पुढे करतो. त्याच्याकडे आलेल्या फॉरवर्डमध्ये एकच ओळ आहे: जमिनीचा मालक तोच खनिजाचा मालक.

आमची जमीन मूळची इनाम. जुन्या फेरफारात इनाम खालसा (रद्द) होऊन पूर्ण आकार (शेतसारा) बसल्याची नोंद आहे, आज सातबारावर भोगवटादार वर्ग १. घरात सनद (इनाम दिल्याचा मूळ कागद) नाही. तर इनामामुळे खनिजाच्या हक्कात फरक पडतो का? पडत असेल तर तो कुठल्या कागदावरून कळेल? 'वकील गाठा' हे ठाऊक आहे. गाठणारच आहोत, पण जाताना हातात काय कागद असावेत?

कोर्टकचेरी: तो निकाल केरळातल्या मलबारच्या जन्मी (पिढीजात पूर्ण मालकीच्या) जमिनींबद्दल आहे. जमिनीच्या पोटातलं सगळं सरकारचंच, असा कुठला सरसकट कायदा नाही. वैध मार्गाने हक्क काढून घेतलेला नसेल तर तो जमिनीच्या मालकाकडे राहतो, असं कोर्ट म्हणालं. आता ही अट महाराष्ट्राला लावून बघा. आपल्याकडे कलम ४८ आहेच. त्यामुळे भावाची ती एक ओळ इथे जशीच्या तशी चालत नाही. शिवाय मालकी असली तरी रॉयल्टी माफ, असंही त्या निकालात म्हटलेलं नाही. तो प्रश्न कोर्टाने तेव्हा मोकळा ठेवला होता.

दुमाला: इनामाचा मुद्दा मात्र अगदीच फोल नाही. १८७९ च्या मुंबई जमीन महसूल कायद्यात कलम ६९ ने खनिजं सरकारकडे राखली होती, पण बिनदुमाला, म्हणजे इनाम न दिलेल्या जमिनींपुरतीच. म्हणजे इनाम जमिनीत तेव्हा काय दिलं होतं, हे सनदेवरून ठरायचं. नुसता आकार माफ केला होता की 'दगड, पाषाण, निधी-निक्षेपा'सह (पुरलेल्या धनासकट) जमीनच दिली होती? पुढे इनाम रद्द झालं, १९६६ ची संहिता आली. जुना हक्क असलाच तर तो यातून वाचला का, हे वकिलाला विचारा. इनाम रद्द करणाऱ्या ज्या कायद्याचा उल्लेख फेरफारात आहे, तो मुळातून वाचा, खाणी-खनिजांविषयी काय म्हटलंय ते बघा.

आणि कागद म्हणाल तर, पहिल्यापासूनचे सगळे फेरफार, गाव नमुना तीनचा जुना उतारा (दुमाला जमिनींची नोंदवही ती हीच) आणि सनदेची नक्कल. घरची सनद हरवली म्हणून आशा सोडू नका, इनामांची बरीच जुनी दप्तरं पुण्याच्या पुराभिलेखागारात आहेत.

खाणकाम: मालकीचं भांडण वर्षानुवर्षं चालेल हो, दंड लगेच येतो. मालक कोणीही ठरो, परवानगीशिवाय दगड हलवता येत नाही. खाजगी जमिनीत खाणपट्टा घ्यायचा तर क्रशरवाल्याने स्वतःच्या नावाने अर्ज करायचा, तुम्ही फक्त संमतीपत्र द्यायचं. रॉयल्टी, पर्यावरण परवानगी, सगळं त्याच्या माथी. विनापरवाना उत्खनन निघालं तर बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंड आहे, आणि नोटीस सातबारावर ज्याचं नाव त्याच्या दारात आधी येते. बोजा चढला की तुमचे हिस्सेही अडकले. ते जबाबदारीचं कलम खोडल्याशिवाय कोणीही सही करू नका. तुम्हाला मिळणाऱ्या रकमेला 'खनिजाची किंमत' म्हणण्याऐवजी 'जमीन वापराचा मोबदला' म्हणा.

धागाकर्ता: सगळ्यांचे आभार. भावाला दंडाचं वाचून दाखवलं, आता तोही मसुदा परत पाठवायला तयार आहे. दुमालाभाऊ, एक राहिलंच: नमुना तीनचा जुना उतारा तहसीलच्या अभिलेख कक्षात मागायचा, की थेट जिल्ह्याला अर्ज करावा लागतो? आमच्या तलाठ्यांनी तो कधी पाहिलेलाच नाही म्हणे.

दुमाला: आधी तहसील. अर्जात जुना सर्व्हे नंबर लिहा, गट नंबरावर तो सापडणार नाही. 'आढळून येत नाही' असं उत्तर आलं तर ते लेखी घ्या, जिल्ह्याला अर्ज करताना जोडायला लागेल.