‘करमलं नाही तर लगेच न्यायला येऊ’ : हे वचन मुलांना देऊ नका!

गोधडी:
पहिल्यांदाच एकट्याने शिबिराला जाणाऱ्या मुलांसाठी एक बावीस कलमी यादी सगळीकडे फिरतेय. शेवटचं कलम: ‘करमलं नाही तर आईबाबा लगेच न्यायला येतील, असं आश्वासन द्या.’ वाचून डोकं फिरलं. अहो, नेमकं हेच बोलायचं नसतं! मूल त्यातून काय ऐकतं? आईलाही वाटतंय, मला जमणार नाही. पहिल्या संध्याकाळी पोटात कालवलं की हेच वचन आठवतं आणि मग ते फाटकाकडे डोळे लावून बसतं. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने २००७ मध्ये घरच्या आठवणीने झुरणाऱ्या मुलांवर अहवाल काढला, त्यातही असं वचन देऊ नका म्हटलंय. त्यापेक्षा आधी नातेवाइकांकडे दोन-तीन रात्री राहू द्या, जायचं की नाही हे त्यालाही विचारा.

दोन पोरांचा बाप:
अहवाल राहू द्या ताई. मला आठव्या वर्षी ‘रडलास तरी कोणी येणार नाही’ म्हणून पाठवलं होतं. पहिल्याच रात्री अंथरूण ओलं केलं. ती चादर तीन दिवस घडी करून उशीखाली दडवली, कुणाला बोललो नाही. माझ्या मुलीला मी वचन देऊनच पाठवलं. पाच दिवस मजेत राहून आली.

गोधडी:
‘कोणी येणार नाही’ म्हणा, असं मी कुठे लिहिलंय? ‘आठवण येईल, सगळ्यांनाच येते, तिथल्या ताईंना सांग’ एवढं म्हणा. आणि अंथरुणाचं आधीच ताईंच्या कानावर घालायचं असतं.

शिबिरवाला:
अकरा वर्षं शिबिरं घेतोय. पोरं रुळतात हो, पालक रुळत नाहीत. आधी तो रात्रीचा फोन बंद करा. दिवसभर हुंदडलेलं पोर साडेआठला ‘जेवलास का रे बाळा’ ऐकलं की हंबरडा फोडतं. त्याचं बघून खोलीतली आणखी तिघं.

जागरण:
बंद म्हणजे? मूल माझं आहे! माझ्या मुलाला ताप चढला होता, ते मला दुसऱ्या दिवशी कळवलं.

शिबिरवाला:
ते चूकच. पण म्हणून रोज फोन? फोटो टाकले तरी पुरत नाही. एका आईने रात्री पावणेबाराला विचारलं, ‘माझी लेक कडेला का उभी आहे?’

जागरण:
बरोबरच विचारलं! माझ्या धाकटीला दोन दिवस कोणी खेळायला घेत नव्हतं, ते मला फोटोवरूनच कळलं.

शिबिरवाला:
मग तुम्ही ताईंना कळवलंत?

जागरण:
नाही, मुलीला फोन केला.

शिबिरवाला:
धन्य!

जागरण:
टोमणे मारायला अक्कल लागत नाही.

कट्टेकरी:
धागा कुठे चाललाय? बॅग कोण भरतं ते बोला. मी भरली, रोजच्या कपड्यांची वेगळी पुरचुंडी बांधून. साबण कोरडा परत आला, अंगात पाच दिवस तोच शर्ट. म्हणे, ‘तू मारलेल्या गाठी सुटेनात.’

गोधडी:
:) बरं, बापमाणूस, तुमच्या मुलीचं वचन देऊन जमलं. मान्य. न देताही जमलं असतं, एवढंच म्हणते.

दोन पोरांचा बाप:
असेल. पाचही रात्री गाडीची किल्ली उशाशी घेऊन झोपलो होतो. ते वचन तिच्यापेक्षा माझ्याच कामी आलं, हवं तर लिहून घ्या. फोन मात्र बंद होऊ देणार नाही.