एकाच फाइलमध्ये दोन 'उतारा', टाइपस्क्रिप्ट ३.७ वर बिल्ड अडकलंय

निपाणी_कोड
ऊस नोंदणीचं ॲप आहे. शेतकरी महाराष्ट्रातल्या कागलकडचे आणि आमच्या कर्नाटकातल्या निपाणी-चिकोडीचेही. कोल्हापूरच्या टीमच्या पॅकेजमधून 'उतारा' इंटरफेस (नोंदीत कोणती फील्ड असतात ते सांगणारा टाइप) इंपोर्ट होतो; तो सातबाऱ्याचा, गट नंबरवाला. आमच्या बाजूला सर्व्हे नंबर आणि हिस्सा लागतो, म्हणून त्याच फाइलमध्ये आमचाही 'उतारा' एक्स्पोर्ट केलाय. टाइपस्क्रिप्ट (जावास्क्रिप्टला टाइप जोडणारी भाषा) ३.६ वर होतं तेव्हा काही तक्रार नव्हती. ३.७ टाकल्यावर 'इंपोर्ट डिक्लेरेशन कॉन्फ्लिक्ट्स विथ लोकल डिक्लेरेशन' येतंय, म्हणजे इंपोर्ट केलेलं नाव फाइलमधल्या नावाशी भिडतंय. एका नावाचे इंटरफेस एकमेकांत मिसळतात ना? गळीत हंगाम तोंडावर आलाय. जुन्या व्हर्जनवर परत जाऊ का? सांगा की कुणीतरी.

टिळकवाडी_देव
परत जाऊ नका दादा. ३.६ वर चालत होतं ते कोड तपासणाऱ्या कंपायलरमधल्या बगमुळं. एकाच फाइलमध्ये घोषित केलेले इंटरफेस मिसळतात, इंपोर्ट होऊन आलेल्यात मिसळत नाहीत. तुमच्या फाइलच्या आत 'उतारा' म्हणजे कोल्हापूरचाच, आणि तुमचा फक्त ती फाइल इंपोर्ट करणाऱ्यांना दिसायचा. ३.६ वर त्याच फाइलमध्ये 'उतारा' टाइपच्या व्हेरिएबलपुढं .हिस्सा लिहून बघा, अशी प्रॉपर्टीच नाही म्हणेल. शेतकऱ्याच्या जमिनीच्या नोंदीत असा घोळ राहू देणं मला अजिबात पटत नाही.

इंपोर्टच्या ओळीत, आणलेल्याचं नाव बदलणारं ॲज लावा: उतारा ॲज सातबारा. तुमचं नाव तेच राहतं, बाकीच्या फाइलींना हात लावावा लागत नाही. पण या फाइलमध्ये जिथं जिथं 'उतारा' लिहिलंय, तिथं आजवर सातबाराच धरला जात होता. गट नंबर वाचणारी फंक्शन शोधून त्यांच्या पॅरामीटरचा टाइप बदला.

चिकोडी_फ्रंटएंड
डिक्लेअर मॉड्यूल लिहून त्यांच्याच इंटरफेसमध्ये हिस्सा घातला तर? मॉड्यूल ऑग्मेंटेशन, म्हणजे दुसऱ्याच्या मॉड्यूलमध्ये बाहेरून भर घालणं, त्यासाठीच असतं.

टिळकवाडी_देव
घालता येतं, पण मूळचा इंटरफेस असेल तरच; टाइप अलायस (टाइपला दिलेलं नुसतं नाव) असेल तर नाही. शिवाय ते फील्ड प्रोजेक्टभर त्या टाइपला चिकटतं. सक्तीचं ठेवलं तर कागलच्या सातबाऱ्यालाही हिस्सा मागत बसेल. त्यांच्याच टाइपमध्ये भर घालायची असती तर मीही तेच सुचवलं असतं. इथं कागद दोन आहेत, नावंही दोन हवीत.

निपाणी_कोड
ॲज लावलं. गट नंबर तपासणाऱ्या फंक्शनवर लगेच लाल रेघ आली, तिथं सातबारा केलं. बिल्ड झालं. आभारी आहे भावांनो. आता कोल्हापूरच्या टीमला त्यांच्या पॅकेजमध्येच नाव बदलायची विनंती पाठवतो.