सायकलवाटपाचे फोटो: परवानगी कुणाची आणि कधी घ्यायची?

प्रश्न (क्लबची सचिव, सातारा जिल्हा)

नमस्कार. जुलैत आमच्या समाजसेवा करणाऱ्या क्लबने वाड्यांवरून चालत शाळेत येणाऱ्या 14 मुलींना सायकली दिल्या. मागे बॅनर, पाहुण्यांच्या हस्ते किल्ली, प्रत्येकीचा फोटो. संध्याकाळी ते फोटो शाळेच्या आणि गावाच्या नावासकट क्लबच्या फेसबुक पानावर मीच टाकले.

आठवड्याने एका मुलीची आई माझ्या दुकानात आली. नवऱ्याचा मार असह्य झाला तेव्हा ती पोरीला घेऊन इकडे आली होती. मुलगी कुठल्या शाळेत जाते हे सासरी कुणालाच ठाऊक नव्हतं. फोटोवरून कळलं, आणि तो माणूस शाळेच्या फाटकाशी येऊन उभा राहिला. मुख्याध्यापकांनी मुलीला बाहेर सोडलं नाही म्हणून निभावलं. ती मला म्हणाली, “ताई, सायकल परत न्या, पण तो फोटो काढून टाका.”

फोटो लगेच काढला. तोवर तो सात-आठ सदस्यांच्या स्टेटसवर गेला होता, एका स्थानिक बातम्यांच्या पोर्टलनेही उचलला होता.

क्लबात विषय काढला तर काही जण म्हणतात, शाळेची परवानगी होती की. काही विचारतात, देणगीदाराला आणि क्लबच्या वरच्या, प्रांत पातळीवरच्या अहवालात दाखवायचं काय? ज्यांनी पैसे दिले त्यांना हिशोब मिळायला हवा, हे मलाही मान्य आहे. तुमच्याकडे काय पद्धत आहे? कागद भरून घेत असाल तर त्यातले शब्दही सांगा.

उत्तर (निवृत्त मुख्याध्यापिका)

ताई, शाळेने हो म्हटलं म्हणजे आईने हो म्हटलं असं होत नाही. संस्थांना सरसकट हो म्हणणाऱ्यांत मीही होते, आज त्याचं वाईट वाटतं.

सायकल समोर उभी आहे, पाहुणे ताटकळलेत, अशा वेळी “फोटो चालेल ना?” विचारल्यावर कोणती आई नाही म्हणेल? वाटपाच्या आठवडाभर आधी पालकसभेत विचारा, तिथे देणगीदार नकोत. आणि सुरुवातच अशी करा की फोटो नको म्हटलं तरी सायकल मिळणार आहे. नको म्हणणाऱ्या मुलीला बाजूला मात्र बसवू नका, सगळ्यांच्या नजरा तिच्याकडेच वळतात. त्यापेक्षा सगळ्यांचाच पाठमोरा फोटो घ्या. 14 सायकली वाडीच्या रस्त्याला लागल्यात, दप्तरं पाठीला आहेत. देणगीदाराला याहून जास्त काय हवं?

उत्तर (वकील)

2023 च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात 18 वर्षांखालची व्यक्ती म्हणजे मूल, आणि तिच्या माहितीसाठी पालकांची पडताळता येईल अशी संमती लागते. नियम नोव्हेंबर 2025 मध्ये आले, तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. क्लबने त्यासाठी थांबू नये. संमती कशासाठी हे नेमकं सांगून घ्यायची, आणि ती देणं जितकं सोपं तितकंच मागे घेणंही सोपं ठेवायचं.

वाढदिवसाला बालगृहात जाऊन मुलांसोबत फोटो टाकतात, ते तर थांबवाच. बाल न्याय कायदा 2015, कलम 74 वाचा. काळजी व संरक्षणाची गरज असलेल्या मुलाची ओळख उघड केल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद, दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं.

आणि ताई, त्या आईला संरक्षण अधिकाऱ्यांकडे, म्हणजे घरगुती हिंसाचाराच्या तक्रारींसाठी नेमलेल्या सरकारी अधिकाऱ्यांकडे, घेऊन जा. कौटुंबिक हिंसाचार कायदा 2005 खाली न्यायदंडाधिकारी त्या माणसाला शाळेकडे फिरकण्यास मनाई करू शकतात. संमतीच्या कागदापेक्षा हे काम आधी.

उत्तर (क्लबचे फोटो काढणारा, नाशिक)

आमच्या मोतीबिंदू शिबिरात डोळ्यावर पट्टी बांधलेल्या आजी-आजोबांना ओळीने बसवून फोटो काढायचो. एका आजोबांच्या मुलाचा फोन आला. वडिलांचं ऑपरेशन फुकटात केलं असं सगळ्या गावाने त्याला ऐकवलं होतं. आजोबा नंतर पुन्हा तपासणीला आले नाहीत. त्यांचा डोळा तपासायचा राहिला, हे मला अजून बोचतं.

आता फोटो एकाच फोनवर निघतात, लोकेशन बंद ठेवून. बाकी सदस्यांना कार्यक्रमाआधीच सांगतो की स्टेटसलाही काही टाकायचं नाही. फोटोत चष्म्यांचा ढीग असतो, डॉक्टरांचे हात असतात, दाराबाहेरच्या चपला असतात. देणगीदाराला किती जण तपासले, किती शस्त्रक्रिया झाल्या याचा आकडा आणि बिलांच्या प्रती देतो. पेपरलाही फोटो आम्हीच निवडून पाठवतो.

प्रश्नकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. सोमवारी तिला घेऊन संरक्षण अधिकाऱ्यांकडे जाऊन आले, अर्ज दिला आहे. पोर्टलवाल्यांनी फोटो हटवला.

कागदावर सध्या एवढंच लिहिलंय: “माझ्या मुलीचा फोटो क्लबच्या अहवालात / फेसबुकवर / वर्तमानपत्रात छापायला माझी हरकत नाही / हरकत आहे. हरकत असली तरी सायकल मिळेल, हे मला सांगितलं आहे.” तिन्ही ठिकाणांसाठी वेगवेगळी खूण.

मसुदा आधी त्या आईलाच वाचायला दिला. तिने विचारलं, “आज हो म्हटलं आणि नंतर नको वाटलं, तर फोन कुणाला करायचा?” खाली माझा नंबर लिहिला.